नव्या गाडीच्या आतलं प्लास्टिक आणि ट्रिम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी एमएच-१२ असो की एमएच-१४, डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या महिन्यात लोक साधारण तेच प्रश्न पाठवतात. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया झाली की त्यांची रांगच लागते. ते इथे एकत्र केले आहेत. नव्या गाडीतलं प्लास्टिक धुळीपेक्षा धूळ पुसण्याच्या पद्धतीने आणि हौसेने लावलेल्या रसायनांनी जास्त खराब होतं. त्यामुळे निम्म्या उत्तरांत ‘हे करू नका’ दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

१. नवी गाडी कालच घरी आणली. आतल्या प्लास्टिकसाठी लगेच काय करायचं?

फार काही नाही. मऊ ब्रश आणि कोरड्या मायक्रोफायबरने धूळ काढा, सीटवरची प्लास्टिकची आवरणं काढा (प्रश्न २) आणि पहिले काही आठवडे गाडीत हवा खेळती ठेवा (प्रश्न ११). काळ्या चकचकीत पट्ट्या (‘पियानो ब्लॅक’) असतील तर त्यांच्यावर फिल्म लावायची की नाही (प्रश्न ८), हे मात्र पहिल्या आठवड्यातच ठरवा. ओरखडे पडल्यावर लावलेली फिल्म ओरखडेही जपून ठेवते.

गाडी ताब्यात देताना डॅशवर पॉलिश मारलेलं असण्याची शक्यता असते. बोट फिरवून पाहा. तेलकट लागलं तर प्रश्न ४ मधल्या पद्धतीने ते एकदा पुसून काढा.

२. सीट, दरवाजे, स्क्रीन यांवरचं कंपनीचं प्लास्टिक किती दिवस ठेवावं?

एक दिवसही नको. ही आवरणं कारखान्यातून शोरूमपर्यंतच्या प्रवासासाठी असतात. सीटवरच्या प्लास्टिकखाली घाम आणि दमट हवा अडकते, पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. स्कफ प्लेट (दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी) आणि स्क्रीनवरच्या चिकट फिल्मचा गोंद उन्हाने घट्ट होतो. सहा महिन्यांनी ती एका झटक्यात निघत नाही, तुकडे पडतात आणि गोंद मागे राहतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. साइड एअरबॅग बऱ्याच गाड्यांत सीटच्या बाजूच्या शिवणीतून बाहेर येते. तिच्यावर प्लास्टिक किंवा घट्ट सीटकव्हर असेल तर तिचा मार्ग अडतो. सीटकव्हर घालायचंच असेल तर एअरबॅगच्या बाजूला मोकळं किंवा खास शिवण असलेलं घ्या.

३. सामान काय काय लागतं? नाना पेठेत गेलं की दुकानदार दहा बाटल्या समोर ठेवतो.

त्यातल्या आठ परत ठेवा. एवढं पुरतं:

- ३०० ते ३५० जीएसएमची (ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे कापडाची जाडी) मायक्रोफायबर फडकी, निदान सहा. दोन ओल्या कामाला, दोन कोरड्या, एक काचेसाठी, एक फक्त स्क्रीन आणि मीटरसाठी. रंग वेगळे घ्या, म्हणजे अदलाबदल होत नाही.
- मऊ केसांचा ब्रश. रंगकामाचा एक इंची नवा ब्रशही चालतो, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा, नाहीतर तीच पट्टी ओरखडे काढते.
- फवाऱ्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, ५०० मिलीच्या.
- सौम्य साबण : बेबी शॅम्पू किंवा गाडीच्या इंटिरियरसाठीचा न्यूट्रल क्लीनर.
- पाण्यात बनवलेला प्लास्टिक प्रोटेक्टंट (प्लास्टिक जपणारा द्रव), मॅट म्हणजे बिनचमकीच्या फिनिशचा (प्रश्न ६ आणि ७).
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, छोटी बाटली. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, सर्किट बोर्ड साफ करायला वापरतात तेच.

पाणी कुठलं वापरता यानेही फरक पडतो. टँकर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत पाणी जड असतं. ते काळ्या प्लास्टिकवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात आणि लोक त्यालाच ‘प्लास्टिक उडालं’ म्हणतात. आतल्या कामाला अर्धा लिटरच लागतं, घरच्या आरओचं घ्या.

४. साफ करायची नेमकी पद्धत सांगा, पायरीपायरीने.

गाडी सावलीत उभी करा आणि डॅश हाताला गार लागेपर्यंत थांबा. गरम प्लास्टिकवर साबणाचं पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि डाग सोडतं.

आधी सगळं कोरडं काम. वरून खाली या : डॅशचा वरचा भाग, एसीचे व्हेंट, मधला भाग, दरवाजे, शेवटी खालचे कप्पे. एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युमची नळी धरली तर उडालेली धूळ लगेच ओढली जाते. व्हॅक्युमचं तोंड प्लास्टिकला टेकवू नका. सध्या पुण्यातल्या गाडीत बसणारी धूळ बरीचशी बांधकामाची असते, म्हणजे वाळू आणि सिमेंटचे बारीक कण. ती ओल्या फडक्याने थेट पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं.

मग ओलं काम. ५०० मिली पाण्यात ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, बेबी शॅम्पू. फवारा कायम फडक्यावर मारायचा, प्लास्टिकवर कधीच नाही. थेट मारलेलं पाणी काच उघडायच्या बटणांत, स्टिअरिंगवरच्या स्विचमध्ये आणि स्क्रीनच्या कडेच्या फटीत जातं. आठवड्याने बटण अडकायला लागलं की त्याचं मूळ इथे असतं. फडकं दमट हवं, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. एकदा हातभर भाग पुसा, फडक्याची घडी उलटा, पुढचा भाग. खडबडीत पोत असलेल्या ठिकाणी, म्हणजे दरवाजाच्या खालच्या भागात किंवा हँडलच्या खोबणीत, ब्रश त्याच पाण्यात बुडवून झटका आणि गोल फिरवा.

त्यानंतर फक्त आरओच्या पाण्याने दमट केलेलं दुसरं फडकं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. साबणाचा पातळ थर राहिला की त्यावर धूळ दुप्पट वेगाने चिकटते आणि मग ‘काल पुसलं तरी आज घाण’ अशी तक्रार येते. शेवटी कोरडं फडकं.

हट्टी तेलकट डागाला ऑल पर्पज क्लीनर १:१० प्रमाणात, म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत ४५ मिली क्लीनर आणि ४५५ मिली पाणी. आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या प्लास्टिकवर लावून दहा मिनिटांनी पाहा. फडक्यावर रंग उतरला तर तो क्लीनर त्या भागाला नको.

५. सोसायटीत रोज गाडी पुसायला दादा येतात. त्यांच्याकडून आतूनही पुसून घेतलं तर?

दादांचा दोष नाही, पण एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात सकाळी पंधरा गाड्या होतात. बाहेरची रेती त्याच फडक्यातून तुमच्या मीटरच्या काचेवर येते. आतलं काम करून घ्यायचंच असेल तर तुमची स्वतःची दोन फडकी गाडीत ठेवा, ‘फक्त कोरडं, स्क्रीन आणि मीटरला हात लावू नका’ असं स्पष्ट सांगा आणि फडकी दर आठवड्याला घरी धुवा. धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याने मायक्रोफायबरची पाणी आणि धूळ धरण्याची ताकद जाते.

६. डॅशबोर्डला चमक आणणारं पॉलिश लावावं का? वॉशिंग सेंटरवाला फुकट मारून देतो.

नको. वॉशिंगला गाडी देतानाच ‘आतून पॉलिश मारू नका’ सांगा.

नव्या गाडीचा डॅश बहुतेक मॅट असतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. उन्हात चकचकीत डॅशचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. दुपारी एक्स्प्रेसवेवर मुंबईकडे जाताना रस्त्याऐवजी स्वतःचा डॅश दिसू लागतो. फुकट मारलं जाणारं पॉलिश सहसा सिलिकॉन तेलाचं असतं. ते प्लास्टिकमध्ये मुरत नाही, वर ओशट थर म्हणून राहतं, धूळ धरतं, उन्हाने उडून काचेवर आतून बसतं. स्प्रेच्या डब्यातून मारलं तर त्याचे तुषार पेडल, स्टिअरिंग आणि गिअरच्या मुठीवर पडतात आणि पाय घसरतो. पुढे कधी गाडीचं पेंटिंग करायची वेळ आली तर हेच सिलिकॉन रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पाडतं. पेंटर मंडळी त्याच्या नावाने बोटं मोडतात ती उगाच नाही.

सिलिकॉन हा शब्द दिसला की बाटली वाईट, असंही नाही. पाण्यात मिसळलेल्या काही चांगल्या प्रोटेक्टंटमध्येही ते थोडं असतं. बाटली कोणत्या जातीची आहे ते कळायला ग्लासभर पाण्यात तिचे चार थेंब टाका. पाण्यात मिसळून गेले तर पाण्यातलं, वर तवंग आला तर तेलातलं. तवंगवालं टायरला लावा, डॅशला नको.

७. मग प्रोटेक्टंट कसा, किती आणि किती दिवसांनी?

प्रश्न ४ प्रमाणे पुसून कोरडं केल्यावरच. मळावर लावला तर मळच सील होतो. फोमच्या ॲप्लिकेटरवर चार-पाच फवारे मारून डॅशचा अर्धा भाग, पुन्हा तेवढेच मारून उरलेला. मध्यम आकाराच्या गाडीच्या सगळ्या प्लास्टिकला १५ ते २० मिली पुरतं. पाच-दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या. नीट झालं असेल तर डॅश ओला किंवा तुकतुकीत दिसत नाही, फक्त थोडा गडद दिसतो. हात फिरवल्यावर बोटाला काहीही लागता कामा नये.

दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. मार्च ते मे गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर दीड महिन्याने.

कुठे लावायचा नाही ते पाठ करा : स्टिअरिंग, पेडल, गिअर आणि हँडब्रेकची मूठ, सीटबेल्ट, स्क्रीन, मीटर, पियानो ब्लॅक. एअरबॅगच्या झाकणाची शिवण जिथे दिसते तिथे द्रव ओघळू देऊ नका, दमट फडक्याने वरवर पुसणं पुरेसं आहे.

८. पियानो ब्लॅक पट्टीवर आठवड्यातच केसासारखे ओरखडे आले. माल खराब आहे का?

माल तसाच असतो. हे चकचकीत प्लास्टिक मऊ असतं आणि काळ्या रंगावर बारीकशी रेघही दिसते. कोरडं फडकं एकदा फिरवलं तरी धुळीचे कण रेघा ओढतात. म्हणून इथे कोरडं पुसणं बंद. रबरी ब्लोअरने फुंकर मारा (तोंडाने नको, थुंकी उडते), मग आरओच्या पाण्याने दमट केलेलं स्वच्छ फडकं एकाच दिशेने, दाब न देता, आणि लगेच दुसऱ्याने टिपून घ्या.

या पट्ट्यांना पेंट प्रोटेक्शन फिल्म लावणं हा आतल्या सजावटीवरचा एकमेव खर्च आम्हाला पटतो. अनेक मॉडेलसाठी मापात कापलेले संच मिळतात. गिअरच्या बाजूची पट्टी, एसीच्या बटणांभोवतीचा भाग आणि काचांच्या बटणांची पट्टी एवढं झाकलं तरी नव्वद टक्के काम होतं.

आलेले ओरखडे बारीक असतील, नखाला अडकत नसतील, तर फिनिशिंग पॉलिश वाटाण्याएवढं मऊ फोमवर घेऊन हाताने, हलक्या दाबाने, कडा मास्किंग टेपने झाकून. मशीन नको. घर्षणाने प्लास्टिक वितळतं.

९. टचस्क्रीन आणि मीटरची काच कशाने पुसू?

गाडी आणि स्क्रीन बंद करा, म्हणजे बोटांचे ठसे दिसतात आणि नको ते बटण दाबलं जात नाही. फडक्याच्या एका कोपऱ्याला आरओचं पाणी, बस्स. स्क्रीनवर चमक कमी करणारा किंवा ठसे कमी धरणारा थर असतो. काच पुसायच्या अमोनियायुक्त क्लीनरने तो जागोजागी उडतो आणि मग स्क्रीनला ढगाळ चट्टे पडतात. ते परत जात नाहीत.

मीटरवरची ‘काच’ बहुतेक गाड्यांत काच नसून पारदर्शक प्लास्टिक असतं. तिला अल्कोहोलही नको, त्याने बारीक तडे जाऊ शकतात. बाकी पद्धत पियानो ब्लॅकसारखीच.

१०. उन्हात गाडी उभी असते. डॅश तडकेल का? सनशेड पुरतो का?

एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बंद गाडीतला डॅश ७० अंशांच्या वर सहज जातो. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा दाबून बनवलेली असते आणि तो पडदा अतिनील किरणं जवळपास सगळी अडवतो. त्यामुळे डॅशचा मोठा शत्रू उष्णता, आणि दरवाजाच्या पॅडचा शत्रू बाजूच्या साध्या काचेतून येणारं ऊन. आजच्या गाड्यांचे डॅश सहसा तडकत नाहीत. फिकं पडणं, कडा वाकणं, झाकणाच्या फटी वाढणं, कटकट आवाज येणं, हे मात्र होतं.

सनशेड लावा, चंदेरी बाजू बाहेर. काचेला जितका चिकटून बसेल तितका उपयोगी. अर्धा वाकलेला शेड डॅशवर पडून राहिला तर उष्णता आतच येते. हिंजवडीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर गाडी असेल तर सकाळी लावताना दुपारचं ऊन कुठून येईल ते बघा आणि गाडीची पाठ पश्चिमेला करा. प्रोटेक्टंट अतिनील किरणांना थोडा अटकाव करतो, उष्णतेला नाही. त्यामुळे शेडला तो पर्याय होत नाही.

काचांना ऊन अडवणारी फिल्म लावायचा विचार करत असाल तर २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हा विषय नाजूक आहे हे लक्षात ठेवा. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, ही मर्यादा आहे. काळी फिल्म म्हणजे चौकात पावती.

११. नव्या गाडीचा वास किती दिवस राहतो? आणि काचेवर आतून धूसर थर का येतो?

दोन्हींचं मूळ एक. नवं प्लास्टिक, फोम आणि गोंद यांतून रसायनं हळूहळू उडत असतात, ऊन लागलं की वेगाने. हवेत असतात तोवर वास, काचेवर बसली की धूसर थर. रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की तो ठळक दिसतो.

पहिले दोन-तीन महिने गाडीत बसल्यावर मिनिटभर चारी काचा उघडा, एसी सुरुवातीला बाहेरची हवा घेण्यावर ठेवा. झाकलेल्या सुरक्षित पार्किंगमध्ये काचा बोटभर खाली राहू द्या. थर काढायला ७५ मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्क्यांचं) आणि ४२५ मिली पाणी, म्हणजे साधारण १५ टक्क्यांचं मिश्रण. ते फडक्यावर घेऊन काच पुसा आणि डॅशवर थेंब पडू नये म्हणून खाली टॉवेल अंथरा. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी लागेल, मग कमी होतं. ही बाटली ज्वलनशील आहे, गाडीत ठेवून देऊ नका. मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा असतील तर तारांच्या दिशेनेच पुसा.

१२. पूजेत डॅशवर आणि स्टिअरिंगवर हळद-कुंकू लावलं. डाग जात नाहीये, उलट लाल झाला!

साबणाने घासलं असणार. हळदीतला पिवळा रंग क्षाराच्या संपर्कात लालसर होतो, पारंपरिक कुंकू हळदीत चुना घालून करतात ते याच गुणामुळे. कपड्याचा साबण, सोडा आणि तीव्र ऑल पर्पज क्लीनर सगळे क्षारयुक्त.

आता क्रमाने : पूड अजून कोरडी असेल तर ओलं काहीही लावू नका. व्हॅक्युम किंवा ब्रशने उचला. अर्धा डाग इथेच जातो. मग कापसाच्या बोळ्यावर प्रश्न ११ मधलं १५ टक्क्यांचं मिश्रण घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपा. घासू नका, प्रत्येक वेळी नवा बोळा घ्या. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. उरलेली पिवळी छटा उन्हावर सोडा. हळद उजेडाने फिकी पडते, फिक्या डॅशवरचा डागही काही दिवसांत बराच उतरतो. बाजारच्या कुंकवात मात्र कृत्रिम रंग असतो. तो पोतात शिरला तर पूर्ण जाईलच असं नाही. चामड्याच्या स्टिअरिंगला अल्कोहोल वापरू नका, तिथे दमट फडकं आणि लेदर क्लीनरच.

पुढच्या वेळी डॅशवर विड्याचं पान किंवा जाड कागद ठेवून त्यावर हळद-कुंकू, अक्षता वाहा. गुरुजींची हरकत नसते. फुलंही संध्याकाळी काढा. झेंडू कुजला की त्याचाही डाग पडतो.

१३. डॅशवर गणपती बसवायचा आहे. डबल टेपने डाग पडेल का? आणि जुना मोबाईल होल्डर काढताना गोंद राहिला, त्याचं काय?

टेपपेक्षा जागा महत्त्वाची. प्रवाशासमोर डॅशवर एअरबॅगची खूण असते, त्या झाकणावर आणि त्याच्या आसपास काहीही नको. एअरबॅग उघडली तर मूर्ती गोळीसारखी सुटेल. डॅशच्या मध्यभागी, हलकी, छोटी मूर्ती घ्या. दगडी किंवा पितळेची जड मूर्ती घरच्या देव्हाऱ्यात शोभते. टेपखालचा भाग ऊन न लागल्याने मूळ रंगाचा राहतो आणि वर्षा-दोन वर्षांनी टेप काढल्यावर तेवढाच गडद दिसतो, तो डाग नसतो. मऊ आवरणाच्या डॅशवर टेप नकोच, काढताना आवरण सुटतं. नॉन-स्लिप पॅडही उन्हाने डॅशला चिकटतात, महिन्यातून एकदा उचलून पुसा.

गोंद काढायला हेअर ड्रायर १५-२० सेंटिमीटरवरून मिनिट-दीड मिनिट. मग दातांचा धागा टेपच्या मागून करवतीसारखा ओढत न्या. मागे राहिलेला गोंद अंगठ्याने चोळून गोळे करा, किंवा त्याच टेपचा तुकडा वर दाबून झटकन ओढा. गोंद गोंदाला घेऊन येतो. शेवटची चिकट छटा १५ टक्क्यांच्या मिश्रणाने. ब्लेड, स्क्रूड्रायव्हर, थिनर लांब ठेवा.

१४. परफ्यूमची बाटली आणि कापराच्या वड्या चालतात का?

सांडेपर्यंत चालतात. परफ्यूममधली सुगंधी तेलं आणि द्रावक प्लास्टिक मऊ करतात. एका रात्रीत पियानो ब्लॅक पट्टीवर फोडासारखा उंचवटा येतो किंवा डॅशवर कायमचा पांढरट ओघळ. सांडलं तर लगेच टिपून साबणाच्या पाण्याने पुसा. मिनिटांचा फरक पडतो. व्हेंटला अडकवायच्या क्लिपने व्हेंटची पाती तुटतात, वर परफ्यूम गळून खालच्या पट्टीवर उतरतं. कापूर थेट प्लास्टिकवर ठेवू नका, जाळीच्या पिशवीत घालून कापडावर किंवा सीटखाली ठेवा. डांबराच्या गोळ्या मुळीच नको.

१५. कप होल्डरमध्ये चहा सांडला, गिअरच्या बाजूने आत गेला.

गाडी बंद करा. आधी टिपा, पुसू नका. पुसल्याने चहा फटीत ढकलला जातो. टिशूचा कोपरा वळून फटीत घाला, तो द्रव शोषून घेतो. नंतर कोमट पाण्यात दमट ब्रश आणि पुन्हा टिपणं, चार-पाच वेळा. साखर राहिली तर बटणं चिकटतात, दूध राहिलं तर दोन दिवसांनी वास येतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक किंवा गिअरचं गोल बटण असेल आणि कपभर चहा आत गेला असेल तर घरी प्रयोग न करता सर्व्हिस सेंटरला कन्सोल उघडून घ्या.

१६. आतला रंग फिका आहे. बुटांचे काळे पट्टे, जीन्सचा निळा रंग, आणि दरवाजावर हाताचे पांढरे ठसे. काय करू?

तिन्ही वेगळे. बुटाचा काळा पट्टा म्हणजे रबर, ते कडक प्लास्टिकवर पांढऱ्या खोडरबराने निघतं. हलक्या हाताने, नाहीतर तेवढाच भाग तुकतुकीत होतो. जीन्सचा रंग जितक्या लवकर पुसाल तितका निघतो, दर आठवड्याला दमट फडकं हाच खरा उपाय. हाताचे ठसे बहुतेक सनस्क्रीनचे किंवा डास पळवणाऱ्या क्रीमचे असतात. त्यांतली काही रसायनं प्लास्टिकच्या आवरणात शिरतात, डास पळवणारं डीट तर प्लास्टिक मऊच करतं. ताजा ठसा साबणाच्या पाण्याने जातो. उन्हात भाजलेला जाईलच याची खात्री नाही. क्रीम लावून हात सुकल्यावरच दार धरा.

१७. पावसाळ्यात प्लास्टिक आणि बेल्टवर पांढरी बुरशी येते.

बेसमेंटमध्ये दोन-तीन आठवडे उभी राहिलेली, ओल्या फूटमॅटची गाडी असेल तर हमखास. ताम्हिणी किंवा लोणावळ्याहून आलात की मॅट त्याच रात्री बाहेर काढा आणि खालचा गालिचा दाबून पाहा. ओला असेल तर वर्तमानपत्र पसरून दोनदा बदला. घर यायच्या आधी शेवटची पाच मिनिटं एसी बाहेरची हवा घेण्यावर चालवा.

आलेली बुरशी कोरडी झटकू नका, गाडीभर पसरते. शॅम्पूच्या पाण्याने पुसा, फडकं लगेच धुवायला टाका, चारी दारं उघडून तासभर वाळवा. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून, क्लिप लावून, सौम्य साबणाने. वाळल्याशिवाय आत सोडू नका. ब्लीच नको, त्याने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. चिखल मात्र वाळू द्या, मग ब्रशने झाडा.

१८. खोबरेल तेल, टूथपेस्ट, व्हिनेगर, सॅनिटायझर... घरगुती उपायांचं काय?

खोबरेल : दोन दिवस चमक, मग धुळीचा राप आणि खवट वास. टूथपेस्ट : बारीक पॉलिश पेपरच समजा. पांढरा मॅजिक स्पंज : तोच प्रकार, मॅट प्लास्टिकचा पोत खरवडतो. व्हिनेगर : काचेवरच्या पाण्याच्या ठिपक्यांना ठीक, प्लास्टिकला गरज नाही. सॅनिटायझर : अल्कोहोल ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास, रंगवलेल्या चंदेरी पट्ट्यांची चमक आणि बटणांवरची अक्षरं उडवतो, हाताला लावलात तर वाळल्यावरच स्टिअरिंग धरा. नेलपेंट रिमूव्हर : ॲसिटोन काही प्लास्टिक अक्षरशः विरघळवतो. पेट्रोल, रॉकेल, थिनर : विचारूही नका.

१९. सामान चढवताना डिकीच्या प्लास्टिकवर पांढरी रेघ उठली. बदलावं लागेल?

बहुतेक नाही. खडबडीत काळ्या प्लास्टिकवरची पांढरी रेघ अनेकदा खरवड नसून दाबाने पांढरं पडलेलं प्लास्टिक असतं. हेअर ड्रायर दहा सेंटिमीटरवरून सतत हलवत अर्धा ते एक मिनिट. रेघ फिकी होताना दिसते. हीट गन हातात असेल तर आधी थांबा, दोन सेकंद जास्त झाले की पोत वितळून गुळगुळीत चट्टा पडतो आणि तो रेघेपेक्षा वाईट दिसतो. नखाला खड्डा लागत असेल तर उष्णतेने भरणार नाही. क्रोमसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला धातूचा पातळ मुलामा. त्यांना पॉलिश आणि उष्णता दोन्ही वर्ज्य, दमट फडकं पुरे.

२०. शोरूमवाले ‘इंटिरियर प्रोटेक्शन पॅकेज’ देत आहेत. घ्यावं का?

त्यात नेमकं काय आहे ते लेखी मागा : उत्पादनाचं नाव, कुठल्या भागांवर, किती वेळा. उत्तर ‘सिलिकॉन ड्रेसिंग आणि व्हॅक्युम’ असं निघालं तर नको. उत्तर पियानो ब्लॅकवर फिल्म असं असेल तर बाहेरच्या दराशी ताडून पाहा. प्लास्टिकवरचं सिरॅमिक कोटिंग आम्ही सहसा सुचवत नाही. खडबडीत पोतावर ते एकसारखं बसत नाही, चट्टे राहिले तर काढता येत नाहीत. फिक्या लेदरेट (कृत्रिम चामड्याच्या) सीटवर, जीन्सच्या रंगासाठी, त्याला थोडा अर्थ आहे.

२१. दरवाजाच्या हँडलवरचं मऊ रबरी आवरण चिकट लागतंय. गाडी तर नवी आहे!

नवी असताना चिकट लागलं तर आधी वरचा थर संशयित : पॉलिश, हँडक्रीम, सनस्क्रीन. प्रश्न ४ प्रमाणे दोनदा पुसा. वाळल्यावर चिकटपणा गेला तर विषय संपला.

तरीही चिकट असेल आणि टिशू दाबल्यावर त्याचे धागे चिकटून राहत असतील तर आवरणच विघटित होतंय. मऊ स्पर्शाचं हे पॉलियुरेथेन उष्णता आणि दमटपणाने हळूहळू मोडतं, एरवी त्याला बरीच वर्षं लागतात. पुसून ते परत घट्ट होत नाही. पावडर लावणं म्हणजे दोन दिवसांची सोय. जुन्या गाडीत लोक अल्कोहोलने अख्खं आवरण काढून खालचं कडक प्लास्टिक उघडं करतात, तुम्ही तसं करू नका. गाडी वॉरंटीत आहे. काहीही लावण्याआधी उजेडात फोटो आणि टिशूच्या चाचणीचा व्हिडिओ काढा, सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या आणि भाग बदलून मागा. तुम्ही काही रसायन वापरलंत असं दिसलं तर तोच मुद्दा धरून दावा नाकारला जाऊ शकतो.